टॉर्चवाल्या शूरसेनाची बदनामी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत गुप्तहेर म्हणून ज्याचं नाव आदराने घेतलं जातं, तो मी, कल्याणराम. नाव घेणारा सध्या मीच आहे, पण सुरुवात कुणीतरी करावी लागते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा लोकांना वाटलं, आता हा घरी बसणार. मी घरीच बसलो, पण पाळत ठेवून. देह भारदस्त, कपाळ पार मानेपर्यंत गेलेलं आणि खिशात कायम टॉर्च. दिवसाउजेडी टॉर्च कशाला, असं माझी बायको श्रीविद्या विचारते. गुन्हेगार मुहूर्त पाहून येत नाहीत, हे मी तिला समजावून थकलो आहे.

या टॉर्चचं मूळ एका पुस्तकात आहे. मी शाळेत असताना पुण्याच्या कुणा नातेवाइकाने ‘सोनगढीचा पाहुणा’ नावाची किशोर कादंबरी आमच्या घरी ठेवली. घरात बोलणं मराठी, पण माझी शाळा तमिळ. देवनागरी म्हणजे मला दारातली रांगोळी. त्याच सुमारास मला टायफॉइड झाला, आणि चंद्रमती आत्याने उशाशी बसून ती कादंबरी रोज दुपारी मला वाचून दाखवली. टॉर्चवाला शूरसेन हा पोरगा नायक, ढोल्या नावाचा जाड्या चोर. शूरसेन भिंतीवरून उडी मारी, वेण्णार नदी पोहून जाई आणि पेच पडला की पितळी टंबळरमधून कॉफी पिऊन विचार करी. मी हे सगळं उचललं, उडी आणि पोहणं सोडून. पण शेवट राहिला. शूरसेन गढीच्या दारात पोचला आणि माझा ताप उतरला. मला शाळेत पाठवण्यात आलं, पुस्तक माळ्यावर गेलं.

यंदा माळा झाडताना ते सापडलं. वादिराज या संस्कृतच्या मास्तरांकडे मी देवनागरी शिकलोच होतो (हा वृत्तांतही त्यांनीच तपासला आहे). आत्याचे डोळे आता थकलेत. एके काळी तिने मला वाचून दाखवलं, आता मी तिला वाचून दाखवावं आणि शूरसेनाला एकदाचं दारातून आत न्यावं, असा बेत होता. आधी एकट्याने वाचून घ्यावं म्हणून बसलो.

पुस्तकात शूरसेन नव्हताच. टॉर्च घेतलेल्या पोराचं चित्र होतं, पण त्याचं नाव बाब्या, आणि चोर तोच. त्याला पकडतो तो जाडा, टकला इसम, ज्याला मी जन्मभर ढोल्या समजत आलो. छापलं होतं, इन्स्पेक्टर ढमाले. म्हणजे मी आजवर एका चोराच्या वळणावर गेलो होतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गेलं, असं श्रीविद्या म्हणते, पण ती अडै होती, डाळ-तांदळाचा जाड, खरपूस डोसा. अडै जातेच.

तपास सुरू केला. पहिला तर्क, पुस्तक बदललं गेलंय. पण मुखपृष्ठावर माझ्या औषधाचा डाग जिथल्या तिथे होता. वास घेऊन खात्री केली आणि बराच वेळ शिंकत बसलो. दुसरा तर्क, वादिराजांनी मला अक्षरंच चुकीची शिकवली. त्यांच्या घरी जाऊन, तोंडावर टॉर्च मारून त्यांना पान वाचायला लावलं. त्यांनी तेच वाचलं आणि वर माझे दोन उच्चार सुधारले. तिसरा तर्क सगळ्यात खोल होता. आत्या वाचायची तेव्हा त्यातले सगळे जण कॉफी पीत. आता पानोपानी चहा. हा बदल कुणाच्या फायद्याचा? कोपऱ्यावरच्या चहावाल्यावर मी सकाळभर नजर ठेवली. संशय येऊ नये म्हणून चहा पीत राहावं लागलं. चहा बरा होता, पुरावा मिळाला नाही.

उरलं एकच माणूस, ज्याच्या हातून ते पुस्तक माझ्यापर्यंत आलं. गुप्तहेराने नातं पाहायचं नसतं. मागच्या खोलीत आत्या आपलं तमिळ अक्षरांतलं स्तोत्राचं पुस्तक भिंग धरून वाचत होती. भिंग नवं आहे, हे मी तत्काळ ताडलं.

“आत्या, खरं पुस्तक कुठं ठेवलंस?” मी विचारलं.

तिने माझ्या हातातल्या ‘सोनगढी’कडे पाहिलं, स्तोत्रं मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दुपारी कॉफी आली नाही. दुसऱ्या दुपारी दारच बंद. निवृत्त झाल्यापासून माझी एकही दुपार आत्याच्या कॉफीवाचून गेली नव्हती. खरं सांगतो, मी घाबरलो. शूरसेन गेला तर गेला, आत्या जायला नको होती.

आत्या बोलत नाही याचाच अर्थ गुन्हा शाबीत, असं मी श्रीविद्याला शक्य तितक्या ठाम आवाजात सांगितलं. ती शेवग्याचा पाला निवडत होती.

“आत्यांना देवनागरी वाचाया येतं म्हणून तुम्हाला कोण सांगितलं?”

“तिने मला पुस्तक वाचून दाखवलं की.”

“ते कोण सांगितलं?”

मी खिशातली टॉर्च चाचपली.

“त्यांची स्तोत्रं तमिळ अक्षरांत आहेत,” ती म्हणाली. “रोज तुमच्यासमोरच वाचतात.” आणि पुन्हा पाल्याकडे वळली.

मी तिथेच खाली बसलो. आत्याच्या वाचनात सोनगढीला आमच्या इकडची कुंभकोणमची बस जात असे, हे मला चांगलं आठवत होतं. पुण्याकडच्या लेखकाला ती बस कशी ठाऊक, हा प्रश्न एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता.

आत्याचं दार वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं.

“तुज ज्वर होता,” ती म्हणाली. “काय लिहिलंय, काय लिहिलंय म्हणून विचारीत होतास. आपण मराठी म्हणवितों, आणि मज अक्षर कळत नाही म्हणून पोराला कसं सांगूं? चित्रं होतीं. तीं पाहून सांगितलें.”

“पण टॉर्चवालाच चांगला कसा?”

“काळोखांत दिवा घेऊन जातो तो पोर वाईट कसा असेल रे?”

मी घसा साफ केला आणि निकाल दिला. माळ्यावर सापडलेली प्रत बनावट आहे. अस्सल प्रत आत्याकडे सुरक्षित आहे. तपास संपला, आणि माझ्या प्रश्नाबद्दल मी माफी मागतो. हे शेवटचं वाक्य वृत्तांतात नसलं तरी चालेल, असं मला वाटलं होतं. श्रीविद्याला तसं वाटलं नाही.

आत्याने पुस्तक ओढून घेतलं आणि भिंग जाड्याच्या चित्रावर धरलं. “मग हा कोण म्हणून छापलाय?”

“इन्स्पेक्टर. चोर पकडतो.”

ती चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“असेल की. आतां अगदी तुजसारखाच दिसतोय.”

कॉफी आली. आत्याने पुस्तक मांडीवर घेतलं, टॉर्चवाल्या पोराच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, “कुठं होतों आपण?”

“गढीच्या दारात,” मी म्हणालो, आणि भर दुपारी टॉर्च लावली.