जावईबापूंचं डांगर

"एसटी म्हाताऱ्या माणसांसाठी असते," नव्या गिअरच्या सायकलवर टांग मारत एडविन सर म्हणाले. "उपासनेची घंटा व्हायच्या आत डांगर घेऊन हजर!"

श्रीरामपूरच्या शाळेत सर पोरांना पळायला शिकवत, त्यामुळे सगळ्या गोष्टी पळतच करायची त्यांना खोड होती. आज चर्चमध्ये कापणीचा सण. पुणतांब्याच्या सासूबाईंच्या वेलाचं पहिलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, दरवर्षी वेदीपुढं जायचं. एकदाही चुकलं नव्हतं.

"हळू जा. वाटेत जरा नदी-बिदी बघा," बायको दीना म्हणाली.

"नदी कुठं पळून जातीय?"

पुणतांब्यात सासूबाईंनी घागरीएवढं डांगर जुन्या लुगड्यानं कॅरिअरला बांधायला घेतलं. त्यांच्या गाठी चालल्या होत्या सावकाश. सरांना धीर कुठला! दुसऱ्या गाठीलाच त्यांनी पॅडल मारलं.

"जावईबापू, दमानं!" हे शब्द मागच्या धुळीला ऐकू आले.

अर्ध्या वाटेवर पाटाजवळ एक खड्डा लागला आणि तिथून पुढं सायकल कशी भन्नाट निघाली! चाळिशी उलटली तरी पाय कसे हलके आहेत, म्हणून सर स्वतःवरच खूश झाले. श्रीरामपूरच्या वेशीत त्यांनी मागं हात फिरवला. हाताला नुसतं लुगडं लागलं.

आता दीनाला काय तोंड दाखवायचं?

ते मागं फिरले. डांगर शोधायचं तर हळू जाणं भाग होतं. गवत, पाण्याची चारी, बांध, सगळं बघत निघाले, तेव्हा तुरीचा पिवळा फुलोरा दिसला. नांगरामागं फिरणारे बगळे दिसले. पाटावरच्या तारेवरून खंड्यानं पाण्यात सूर मारला, तेव्हा सर चक्क सायकलवरून उतरून उभे राहिले. वीस वर्षं याच रस्त्यानं सासुरवाडीला जात होते, पण हे सगळं आजच कुणीतरी आणून ठेवल्यासारखं वाटत होतं.

खड्ड्याजवळच्या शेतात चांगुणाबाई नावाच्या शेतकरीण बाईंच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं.

"बाई, इथं एखादं डांगर पडलेलं दिसलं का?"

"व्हय की," चांगुणाबाई म्हणाल्या. "पार फुटलं हुतं. कावळ्यांनी टोचायच्या आत शिजाया टाकलं. तुमचं हाय व्हय? बसा, भाकर खा."

सर बसले. घंटेची वेळ टळून गेली होती, पण पाटाचं पाणी झुळझुळत होतं, भाजी गोड होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. निघताना चांगुणाबाईंनी डबा भरून दिला.

उपासना संपता संपता सर डबा घेऊन चोरपावलांनी चर्चमध्ये शिरले आणि थबकले. वेदीपुढं लालभडक, अखंड डांगर बसलं होतं.

"हे कुठून आलं?" त्यांनी दीनाच्या कानात विचारलं.

"एसटीनं. आईनं कंडक्टरजवळ दिलं."

"पण मी तर घेऊन निघालो होतो..."

"म्हणूनच," दीना डब्याचं झाकण उघडून वास घेत म्हणाली. "आईचा कालच फोन आला होता. जावई सायकलवर येणारेत, दोन डांगरं काढावी लागतील, म्हणाली."