बोर्ड सोडा, किल्ली कोणाकडे?

मालकी हे मानवी संस्कृतीचं मूळ आहे, असं आमच्या समोरचे गायधनी मानतात. ते स्वतः कित्येक वर्षं भाड्याच्या घरात राहतात.

जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकावर 'यांच्या सौजन्याने' अशी पाटी दिसली, की बसण्याआधी ते विचारतात, "बोर्ड सोडा, किल्ली कोणाकडे?" बाकाला किल्ली नसते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या वडिलांनाच गाठलं. "कमान तुमच्या नावाची आहे हो, पण भटारखान्याची किल्ली?" ती मुलीच्या मामाकडे निघाली. त्या मामांशी गायधनींनी लगेच ओळख काढली आणि आम्हाला जिलबी दुसऱ्यांदा मिळाली.

रविवारी ते टीव्हीवर मोटारींच्या जागतिक शर्यती लावतात. चालकांची नावं त्यांना येत नाहीत. गाडी उभी असते तेव्हा पुढे सरकून नाकापासून शेपटीपर्यंत तिच्यावरची सगळी नावं वाचतात. ती धावू लागली, की कंटाळतात.

"हा संघ बघा. नाव मोटार कंपनीचं. कंपनीचा त्यात एक नट नाही! नुसतं नाव लावायचे पैसे मोजलेत. मालक भलताच. आणि लोक कंपनीच्या टोप्या घालून रडतायत."

त्याच संघात, इंग्लंडला, त्यांची मुलगी मुक्ता इंजिनियर आहे. हे त्यांनी मला फार उशिरा आणि तेही जाता जाता सांगितलं. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच.

मध्यंतरी बातमी आली, की ती मोटार कंपनी संघावरचं आपलं नाव काढून घेणार. गायधनी बनियनवरच आमच्या दारात.

"मुक्ताचं काही खरं नाही."

"अहो, नाव जातंय. मालक तोच आहे ना? तुमचंच म्हणणं."

"म्हणणं माझंच हो. पण अंबडला आमच्या कारखान्याचा बोर्ड उतरवला, तेव्हा मॅनेजरही हेच म्हणाला होता. नवं नाव रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला चहा आम्हीच पाजला. सोमवारी गेटला कुलूप!"

आयुष्यभर सांभाळलेला सिद्धान्त मुलीची नोकरी म्हटल्यावर एक सकाळही टिकला नाही. फोन करा म्हटलं, तर म्हणाले, "नको. आधीच टेन्शनमध्ये असेल पोरगी."

मग मला हाताला धरून मुक्ताच्या खोलीत घेऊन गेले. तिच्या पलंगावर एरवी घोटीहून आणलेल्या तांदळाचा कट्टा असतो. तो हलवला होता. गादीला नवी चादर, पंखा पुसलेला.

"आली तर झोपेल कुठं? आणि अंबडला लागेलच की कुठंतरी," ते म्हणाले. त्या आवाजात काळजी किती आणि आशा किती, मला सांगता आलं नाही.

आम्ही तिथं असतानाच फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, बातमी वाचून घाबरला नाहीत ना? नाव बदलतंय फक्त. माणसं तीच, मीही आहेच."

"छे, मी कशाला घाबरू? इथं शेजाऱ्यांना समजावून सांगत होतो."

मी मान हलवली. गायधनी चादरीची नसलेली सुरकुती काढू लागले.

"सुट्टी कधी तुझी?"

"डिसेंबरात येतेय की! चांगली महिनाभर."

"ये," ते म्हणाले. "पलंग रिकामाच आहे."

नव्या मोसमात मुक्ताच्या संघाच्या गाडीवर दुसऱ्या एका मोटार कंपनीचं नाव झळकलं. मालक तोच. गाडी नेहमीसारखीच शेवटून दुसरी आली.