हा पाद्री शोभत नाही

"पपा, आज तुम्ही दिग्दर्शक नाही. आज तुम्ही फक्त मुलीचे वडील," लग्नाच्या दिवशी सकाळीच कोरिननं बजावलं. "ओरडायचं नाही, कुणाला इकडचं तिकडे हलवायचं नाही. नाहीतर मी आणि एल्मर सरळ कोर्टात जाऊन लग्न करू!"

"शपथ!" थॅडियस क्रोवेल म्हणाले.

शपथ अगदी मनापासून होती. एकुलती एक लाडकी लेक, तिचं लग्न बिघडवायची कुणाला हौस असते? पण मूकपटांच्या काळात सेटवर खुर्च्या उचलता उचलता हा माणूस हॉलिवुडचा बडा दिग्दर्शक झाला होता. पडद्यावर त्यांनी कितीतरी लग्नं लावली होती आणि एकही पंधरा-वीसदा घेतल्याशिवाय पास केलं नव्हतं. जित्याची खोड बंगल्याच्या बागेत थोडीच सुटणार!

दुपारी फाटकातून एक बुटका गृहस्थ आत आला. उन्हानं नाक सोललेलं, कोटावर अंड्याचा डाग.

"मी पाद्री," तो म्हणाला. "टिबेट."

क्रोवेलनी कॅमेऱ्यातून बघावं तसं त्याला एक डोळा मिटून न्याहाळलं. "पाद्री? तू? अरे, तुझ्याकडे बघून कुणाला देव आठवेल का? शोभत नाहीस. जा बाबा, मागे सँडविचेस आहेत, खा आणि घरी जा."

"पण साहेब, मी खरोखरच..."

"सगळे असंच म्हणतात! ग्रॅडी, स्टुडिओला फोन लाव! उंच पाहिजे, पांढरी दाढी, आवाज ढगातून आल्यासारखा!"

ग्रॅडी त्यांचा सहायक. साहेबांना 'का' विचारणारे सहायक टिकत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं फोन लावला.

आणि काय पाद्री आला! दाढी छातीवर रुळतेय, डोळ्यांत करुणा. त्यानं "प्रिय जनहो" म्हटलं आणि बाग हुंदके देऊ लागली. आयोवाहून आलेल्या एल्मरच्या आईनंसुद्धा डोळे पुसले. सिनेमावाल्यांचं सगळंच खोटं असतं, असं ती आल्यापासून सांगत होती. क्रोवेल तर हरखून गेले.

"तुम्ही आता पती-पत्नी आहात!" पाद्री गरजला, आणि मान वळवून हळूच म्हणाला, "साहेब, डावीकडूनच घेतलंत ना? उजवीकडून मी जरा जाड दिसतो."

कोरिनच्या हातातली फुलं खाली पडली. "तुम्ही कोण?"

"मी? मागच्या आठवड्यात फाशी गेलो तो दरोडेखोर. चांगला झाला होता म्हणतात सीन."

"म्हणजे लग्न झालंच नाही!" एल्मर किंचाळला.

"चल एल्मर!" त्याच्या आईनं टोपी डोक्यावर दाबली. "ज्या घरात पाद्रीसुद्धा नकली, तिथली सोयरीक नको!"

कोरिन वडिलांकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "थांबा! कुणीही जायचं नाही!" म्हणत क्रोवेल नव्या कोटासकट टेकडीच्या उतारावरून धावत सुटले.

टिबेट ट्रामच्या थांब्यावर शेवटचं सँडविच खात बसले होते.

"महाराज! चला!" क्रोवेलना धाप लागली होती.

"आता शोभतो का?"

"शोभता म्हणजे काय! तुमच्याइतका पाद्री मी जन्मात पाहिला नाही. पाया पडतो, चला!"

लग्न पुन्हा लागलं. टिबेटसाहेब पुटपुटत होते. त्यांनी वराला 'एल्बर्ट' म्हटलं, अंगठी गवतात पाडली. ती शोधायला वाकलेल्या एल्मरच्या विजारीची शिवण उसवली. कोरिनला हसू आवरेना, हसता हसता तिचं काजळ गालांवर आलं. क्रोवेल रुमालाचा बोळा तोंडात कोंबून बसले होते.

शेवटी टिबेटनी आशीर्वाद दिला. पण टाळी वाजेना, कुणी जागचं हलेना. पाहुणे सगळे स्टुडिओतले, साहेब 'कट' कधी म्हणतात म्हणून सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. एल्मरची आईसुद्धा तिकडेच बघू लागली.

"पपा," कोरिननं विचारलं, "पुन्हा घ्यायचं?"

क्रोवेलनी तोंडातून रुमाल काढला आणि त्यानंच डोळे पुसले.

"नको गं," ते म्हणाले. "हेच ठेवा."