झिजत नाही ती जडवस्तू

आमच्या महाविद्यालयात आलेली प्रत्येक वस्तू दोनपैकी एका नोंदवहीत जाते. वापरली की संपते ती उपभोग्य, म्हणजे खडू, फिनेल, साहेबांची साखर. वापरूनही संपत नाही ती जडवस्तू, म्हणजे खुर्ची, कपाट, पंखा. तिसरी वही शासनानं दिलेली नाही आणि मीही मागितलेली नाही. मी केरबा, इथला भांडारपाल. सव्वीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडं झालेली नाही.

जीवरसायनशास्त्राच्या दिपाली मॅडम मुदखेडहून रोज ये-जा करतात. चार वर्षं झाली, मक्याच्या कोंबांतून कायतरी काढून राहिल्या होत्या. सोमवारी बर्फाच्या डब्यात करंगळीएवढी कुपी घेऊन हजर. आनंद नुसता चेहऱ्यावरून सांडत होता.

"केरबामामा, गेटपास द्या. हे लातूरला न्यायचंय."

"काय हाय?"

"एन्झाइम. पेशी वाढायला पॉलिअमाइन नावाचे पदार्थ लागतात, अन् कॅन्सरची गाठ तर ते अधाशासारखे वापरते. हे एन्झाइम त्या पदार्थांचे तुकडे करतं. म्हणजे गाठीची उपासमार होईल, असा अंदाज आहे. गुरुवारी तिथल्या दवाखान्यात तारामतीबाई नावाच्या पेशंटची गाठ काढणार आहेत. तुकडा संध्याकाळपर्यंत जिवंत राहील, तेवढ्यात त्यावर हे घालून बघायचं. बाई स्वतःहून हो म्हणाल्यात."

"लई चांगलं काम," मी मनापासून म्हणालो. माझी सख्खी मावशी त्याच दुखण्यानं गेली. लगेच उपभोग्य वस्तूंची वही काढली. "वापरल्यावर संपणार ना?"

शिकलेल्या माणसांना खोटं बोलता येत नाही, हीच तर पंचाईत. मॅडम म्हणाल्या, "नाही मामा, हीच तर त्याची गंमत आहे! ते काम करतं, पण स्वतः झिजत नाही. पुन्हा जसंच्या तसं."

मी वही मिटली. "मग ही जडवस्तू झाली."

जडवस्तूवर तैलरंगात क्रमांक लागतो. आवाराबाहेर न्यायची तर त्रिसदस्यीय समितीची तपासणी लागते. क्रमांक मी स्वतः रंगवला. कुपी दिसेनाशी झाली, पण क्रमांक स्पष्ट आला.

समिती गुरुवारी अकराला बसली. अध्यक्ष क्रीडाशिक्षक सिद्रामप्पा सर, सदस्य ग्रंथपाल आनंदराज सर आणि मी. बर्फात वस्तू नीट दिसेना, म्हणून ती बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"सर, बर्फातच राहू द्या! खराब होईल!" मॅडम कळवळल्या.

"खुर्ची कधी बर्फात ठेवली का आपण?" अध्यक्षांनी विचारलं. "क्रमांक कुपीवर हाय. कुपी तर पॅकिंग. वस्तूवर क्रमांक कुठंय?" यावर पाऊण तास गेला. मग आनंदराज सरांनी विचारलं, "वस्तू चालू स्थितीत आहे, हे दाखवा."

"त्याला गाठ लागेल, सर."

"मग आणा गाठ."

"ती लातूरला आहे!"

"म्हणजे लातूरला नेल्याशिवाय चालू आहे का कळणार नाही, अन् चालू असल्याचं कळल्याशिवाय लातूरला सोडता येणार नाही." सरांनी हे इतकं सुबक मांडलं की मी तसंच इतिवृत्तात उतरवलं.

चहा झाला. अखेर तीनला 'वस्तू सकृद्दर्शनी सुस्थितीत' असा तोडगा निघाला. मॅडम जीप करून धावल्या. सव्वासहाला पोचल्या, तेव्हा गाठीचा तुकडा मजेत होता. एन्झाइम मात्र चार तास टेबलावर राहून निकामी झालं होतं.

शुक्रवारी त्यांनी कुपी परत जमा केली. डोळे सुजलेले. तेवढ्यात तारामतीबाईंचा फोन आला. आवाज माझ्यापर्यंत येत होता. "पोरी, माझ्या गाठीचा कायी उपेग झाला का गं?" मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. वहीत मात्र 'एक नग, सुस्थितीत परत' असंच लिहावं लागलं, कारण तैलरंगाला धक्काही लागला नव्हता.

तुम्ही मला शिव्या देऊन राहिला असाल. द्या. पण मॅडम पुन्हा कामाला लागल्यात. रीत आता ठाऊक आहे, चार महिन्यांत नवी कुपी होईल. मीही नियम धुंडाळून काढला. बाहेरच्या एखाद्या जबाबदार नागरिकानं 'वस्तूची सर्व जबाबदारी माझी' असं लिहून सही दिली, की समिती लागत नाही. अर्ज तयार आहे. फक्त नाव अन् सही राहिलीय. हे घ्या पेन.

काय म्हणालात? घरी विचारून सांगता?