मोटारखान्याचं छत

सूर्याजीराव जमादार सकाळपासून मान वर करून उभे होते. मान दुखत नव्हती, पण भीतीने एकदा वर गेलेली ती मान खाली यायला तयार नव्हती. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या त्यांच्या घरच्या मोटारखान्यात, डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, संस्थानच्या नागमुद्रेचे बहात्तर शिक्के त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. एकेका शिक्क्यात दोन नाग, आणि दोघांच्याही फणा उभारलेल्या.

फळ्या तशा साध्याच. रिसाल्याच्या पागेचं छप्पर भिंतीबाहेर हातभर पुढे आलेलं होतं, त्या वळचणीच्या पोटाला लावलेल्या, हवा खेळावी म्हणून भोकं पाडलेल्या पातळ सागवानी फळ्या. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, रिसाला मोडला, पागा पाडली, आणि जाता जाता रिसाल्याचे सरदारसाहेब म्हणाले, "सूर्याजी, ह्या तू घेऊन जा. जळण होईल." सगळं तोंडी. कागद नाही, सही नाही. त्या दिवशी कागदाची आठवण तरी कुणाला होणार? घोडे दुसऱ्याच्या हाती जात होते आणि मिशावाले स्वार पोरासारखे रडत होते.

सूर्याजीरावांना काही सागवान चुलीत घालवेना. त्यात विजयाबाईंनी नरसिंह जयंतीचं कीर्तन मोटारखान्यातच करायचं ठरवलं, कारण मोटार बाहेर ढकलली की तिथे शंभर माणूस बसत होतं. पण वरच्या दगडी पाटियांच्या, म्हणजे छपराच्या लांब लाद्यांच्या, सांध्यांतून माती गळायची. "बुवांच्या पगडीत माती पडली तर पाप कुणाच्या माथी?" असं बाईंनी विचारलं आणि फळ्यांचं छत करायचं ठरलं. शिक्क्याची बाजू पाटियांकडे लपली पाहिजे, असं हरप्रसाद मिस्त्रीला दहादा बजावून सूर्याजीराव पुतणीच्या लग्नाला झाशीला गेले. परत येऊन बघतात तो हे असं.

"मिस्त्री, ये क्या किया तुमने? छाप छुपानी थी ना?"

"जमादार साब, दूसरी तरफ लकड़ी खुरदुरी थी. और ऐसी बढ़िया छाप कोई छुपाता है क्या? मैंने तो ऊपर से अलसी का तेल भी पिलाया है. देखिए, कैसी चमक रही है."

"निकालो. अभी निकालो."

"अभी तो मुरैना जा रहा हूँ, साली की शादी है. पंद्रह दिन में लौट के निकाल दूँगा." आणि मिस्त्री सायकलवर बसून निघूनही गेला.

फळ्या स्वतः उचकटाव्या म्हणून सूर्याजीराव पहार आणायला निघाले, तोच विजयाबाई आत आल्या.

"अहो, ऐकलंत का? समोरच्या घरात इंदूरचे साहेब उतरलेत. पांडुरंगराव नाव. संस्थानचा कोणता माल कुणाच्या घरी गेला त्याची यादी करायला आलेत. कंपू मोहल्ल्यातल्या कुणाकडे तर दोन खुर्च्या सापडल्या म्हणे, सगळ्या गल्लीसमोर नाव वाचलं."

सूर्याजीराव खाली मोटारीच्या पायरीवर बसले. आता फळ्या काढून तरी न्यायच्या कुठे? साहेबाच्या खिडकीसमोरून?

"तुम्ही चोरी केलीत का?" विजयाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग घाबरता कशाला?"

"केली नाही म्हणून तर घाबरतोय. चोराजवळ निदान खोटा कागद तरी असतो."

रिसाल्यातली अठ्ठावीस वर्षांची नोकरी. सेवापुस्तकात एक डाग नाही. लढाईवर असताना बाजूला तोफगोळा पडला तरी ह्या माणसाचा घोडा बिचकला होता, माणूस नाही. पण 'सरकारी माल दाबणारा सूर्याजी' असं नाव गल्लीत वाचलं जाणार, ह्या कल्पनेने ते दोनदा उठून मोटारखान्याला कडी आहे ना, बघून आले. रात्रभर त्यांना एकच दिसत होतं. साहेब वर बघतात, चष्मा पुसतात आणि पुन्हा वर बघतात.

पहाटेच उठून त्यांनी चुना कालवला आणि शिडीवर चढून अख्ख्या छताला दोन हात दिले. दहा वाजता छत कसं दुधासारखं पांढरं झालं. सूर्याजीराव समाधानाने जेवले. जेवून परत येतात तो, मे महिन्याच्या उन्हाने पाटिया तापल्या होत्या, मिस्त्रीचं तेल सुटलं होतं आणि डागलेला काळा शिक्का चुन्यातून वर आला होता. आधी नाग नुसते लाकडावर होते. आता ते चांदण्यात बसल्यासारखे दिसू लागले.

"पहिल्यापेक्षा स्पष्ट झाले हो," विजयाबाई म्हणाल्या.

"मला दिसतंय."

"एकेकाचे डोळेसुद्धा मोजता येतात."

"अगं, मला दिसतंय म्हटलं ना."

शेवटी मांडववाल्याकडून लाल चांदवा आणला. चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून तो फळ्यांखाली ताणला, आणि सूर्याजीरावांच्या जिवात थोडा जीव आला. तो फार वेळ टिकला नाही. संध्याकाळी विजयाबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन समोरून येताना दिसल्या.

"कुठे गेली होतीस?"

"साहेबांना कीर्तनाचं आमंत्रण द्यायला. सगळ्या गल्लीला बोलावलं आणि त्यांनाच नाही, तर त्यांना शक नाही का येणार? येतो म्हणाले. कीर्तनाचं वेड आहे त्यांना. पुढेच बसणार आहेत."

नरसिंहाचा जन्म तिन्हीसांजेचा, म्हणून कीर्तन दिवस असतानाच उभं राहिलं. धामणकरबुवा सत्तरीचे, काडीसारखे, पण चिपळ्या हातात घेतल्या की अंगात वीज. माधवगंज लोटलं होतं. मराठी घरं होतीच, पण गल्लीतल्या हिंदी बायाही पदर सावरून येऊन बसल्या होत्या. पांडुरंगराव अगदी पुढे, पंख्याने वारा घेत. सूर्याजीराव यजमान म्हणून त्यांच्या शेजारी.

"उन्हाळ्यात राजधानी बदलते म्हणून सगळं सरकार इंदूरला गेलं," साहेब कुजबुजले, "आणि मला एकट्याला इकडे पाठवलं. तिकडे ह्या वेळी अंगावर चादर लागते हो. काहीतरी पूर्वजन्मीचं असणार."

"हो साहेब."

"वर काय आहे?"

"वर? छत."

"छत असून चांदवा?"

"बुवांच्या मानाला."

बुवांनी नमन केलं, आणि पूर्वरंगाला विषय घेतला तो नेमका भयाचा. "भय कुणाला असतं, महाराज?" बुवा पुढे झुकून विचारत होते. "ज्याच्यापाशी झाकायचं काही आहे, त्याला. झाकण जितकं जाड, तितकं भय मोठं." सभा माना डोलावत होती. सूर्याजीरावांना वाटलं, बुवा आपल्याकडेच बघताहेत. त्यांनी नजर चुकवून वर पाहिलं, वर पाहिलं म्हणून दचकून साहेबांकडे पाहिलं, तर साहेबही वर पाहत होते.

पूर्वरंग संपला. सूर्याजीरावांनी बुवांच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. बुवांनी त्यांचा हात धरला.

"यजमान, एक करा. आवाज सगळा कापडात जिरतोय. वर चांदवा लावला असेल तर काढा."

"बुवा, वरून माती पडते."

"पडू दे. मातीचंच शरीर आहे."

"बुवा, आजच्या दिवस..."

"मी काढतो की," म्हणत पांडुरंगराव उठले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी जवळची दोरी ओढली. मांडववाल्याच्या गाठी त्या. एक सुटली तशा चारही सुटल्या. सगळा चांदवा पहिल्या तीन रांगांवर आला आणि साहेब त्याखाली नाहीसे झाले.

बुवा थांबले नाहीत. कीर्तनात मोडता आला की कथा पुढे रेटायची, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. डोळे मिटून त्यांनी एकदम उत्तररंगच उचलला. हिरण्यकशिपूने प्रल्हादाला सर्पांच्या खोलीत टाकलं, तो प्रसंग. आणि काय सांगावं, कापड जाताच त्यांचा स्वर वर गेला, फळ्यांच्या भोकांतून पलीकडच्या पोकळीत शिरला आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यातून यावा तसा घुमून खाली आला. अंगावर काटा आला लोकांच्या.

"सर्पांनी फणा उभारल्या," बुवा गर्जले आणि त्यांचा उजवा हात सरळ वर गेला. "एक नाही, दोन नाही, बाळाच्या माथ्यावर फणाच फणा. आणि बाळ काय म्हणतं? नारायण."

शंभर माना त्या हातामागून वर गेल्या. नेमकं त्याच क्षणी पांडुरंगरावांचं डोकं चांदव्यातून बाहेर आलं, आणि तेही वर गेलं.

टाळ थांबले. तबला थांबला. दिव्याच्या उजेडात, पांढऱ्याशुभ्र छतावर, बहात्तर जोड्या नाग खाली बघत होते. सूर्याजीराव भिंतीला टेकले. संपलं सगळं, आता साहेब चष्मा पुसणार.

पहिल्या हलल्या त्या शेजारच्या लीलाताई. त्यांनी हात जोडले आणि जमिनीला डोकं लावलं. मागून कुणी हिंदी बाई म्हणाली, "हे नाग देवता." मग एकीने फुलं वर उधळली, दुसरीने बुक्का, आणि सबंध मोटारखाना 'नारायण' म्हणू लागला. साहेबांनी चष्मा पुसला नाही. ते चांदव्यातच आडवे पडले होते, साष्टांग.

त्या गजरात नरसिंहाचा जन्म झाला. सूर्याजीरावांनी आरती धरली, पण ताटातली ज्योत इतकी थरथरत होती की लोकांना वाटलं, जमादारांच्या अंगात आलंय.

सकाळी मोटारखान्याचं दार उघडलं तर साहेब पायऱ्यांशी वहाणा काढून उभे. बगलेत यादीचं बाड. सूर्याजीरावांनी रात्रीच ठरवलं होतं, आता झाकायचं नाही.

"साहेब, खरं सांगतो. त्या फळ्या रिसाल्याच्या पागेच्या आहेत. सरदारसाहेबांनी तोंडी दिल्या, कागद नाही. ते नाग म्हणजे शिक्के आहेत, सरकारी मालावर मारतात ते."

"हळू बोला," पांडुरंगराव छताकडे चोरून बघत म्हणाले.

"लिहा माझं नाव. वाचा गल्लीत."

"जमादार, मी काल कापडाखाली होतो. सगळा अंधार. वाट काढत डोकं बाहेर काढतो, तर समोर फणा. आमच्या सासुरवाडीत नागाचं कडक असतं, आणि घरी बायकोला पाचवा महिना चालू आहे. मी हे छत उतरवायचा हुकूम लिहू? तुम्हाला माझी काही दया?"

"पण ते शिक्के आहेत हो."

"असं बोलू नका. पाप लागेल." साहेबांनी बाड उघडलं आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. "देवस्थान. देवता नाग. माधवगंज. प्राचीन."

"प्राचीन? साहेब, आठ दिवस झालेत."

"दुसरा रकाना नाही माझ्याकडे. इथे सही करा, व्यवस्थापक म्हणून. दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवायचा. उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात इथे. आणि देवस्थानात वाहन ठेवता येत नाही, तेवढं बघा." साहेब पाठ न दाखवता, हात जोडून मागे मागे गेले.

ज्या यादीत नाव येऊ नये म्हणून जीव मुठीत धरला होता, त्या यादीत सूर्याजीरावांनी स्वतःच्या हाताने सही केली होती. ते तसेच आत गेले. बुवा माजघरात दूध पीत होते. सूर्याजीरावांनी त्यांचे पाय धरले.

"बुवा, तुम्ही वाचवलंत."

"मी काय केलं?"

"तुम्ही वर बोट केलंत, नागांकडे."

"मला कुठले नाग दिसायला?" बुवा हसले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हार कोणी घातला तेही मी आवाजावरून ओळखतो. प्रल्हादाच्या कथेत सर्प येतातच, आणि सर्प आले की माझा हात वर जातो. का हो, काय होतं वर?"

सूर्याजीरावांनी बुवांचा दुधाचा पेला पुन्हा भरला. "छत," ते म्हणाले.

"फार गोड घुमतं हो. पुढच्या वर्षीही इथेच करू."

उन्हं चढेपर्यंत मोटारखान्यात बाया दुधाच्या वाट्या घेऊन आल्या होत्या. बाहेर मोटार उन्हात भाजत होती. सूर्याजीराव त्यांना खरं सांगायला गेले. "देखो बहनजी, ये नाग-वाग कुछ नहीं है," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर पुढची म्हातारी त्यांनाच समजावू लागली.

"भैया, तुम्हें नहीं मालूम. सब बैठे हैं, पर वो तीसरी कतार वाला, जो टेढ़ा है ना, वो सबसे जागृत है. रात को मैंने उसे हिलते देखा."

सूर्याजीरावांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सगळी फुलं त्या वाकड्या शिक्क्याखालीच पडली होती. तो कसा वाकडा झाला, हे सबंध ग्वाल्हेरात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. पागेच्या फळ्या त्यांनीच डागल्या होत्या, वीस वर्षांपूर्वी, ऐन हिवतापात. तापलेला लोखंडी ठसा टेकवतानाच हुडहुडी भरली आणि हात निसटला होता.

हे सांगायला त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात पाटिया तापून वर कुठेतरी लाकूड करकरलं, अगदी हलकं, तिसऱ्या रांगेच्या बाजूला. सूर्याजीरावांनी पायातल्या वहाणा काढल्या, म्हातारीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि निमूट हात जोडले.