झानिबेकची गोळी आणि भरलेला पियाला

सकाळी सव्वासातला, अर्ध्या गालाला साबण फासलेला असताना, झानिबेकने ठरवलं की आज गोळी घ्यायचीच. यात एवढं काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण ही गोळी साडेतीन महिने फ्रिजवर पडून होती, आणि तेवढ्या काळात झानिबेक सोडून निम्म्या अल्माटी शहराने तिच्याविषयी आपलं मत देऊन टाकलं होतं. ऑफिसातला शिपाई म्हणाला, गोळीबिळी सोडा, उंटिणीचं दूध प्या. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने सांगितलं, की तिच्या भाच्याने असली गोळी घेतली आणि तो हसायचाच थांबला. (या म्हातारीला गोळीची बातमी कुणी दिली, याचा झानिबेकने बराच शोध घेतला. त्यानेच दिली होती.)

झानिबेक जमीनमोजणी खात्यात कारकून. वय सत्तेचाळीस, तब्येत खणखणीत, स्वभाव गोड. लक्ष तेवढं जाग्यावर नसायचं. एकदा पाहुण्यांच्या ताटात मानाने ठेवायचं मेंढीचं डोकं आणायला बाजारात गेला, तर येताना मासे धरायचा गळ घेऊन आला. डोकं बसमध्येच राहिलं आणि एकटंच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आलं. ड्रायव्हरने पिशवी उघडून बघितली तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते असो. बायको रौशन अशा प्रसंगी आधी कपाळाला हात लावायची आणि मग पोट धरून हसायची. चोवीस वर्षं त्या घराचं असं मजेत चाललं होतं.

मग डॉक्टरकडे कशाला गेला? मुलीपायी. जुलै महिन्यात एका संध्याकाळी अक्बोता त्याच्यासमोर बसली आणि अर्धा तास मिरासविषयी बोलत होती. मिरास कसा आहे, काय करतो, त्याने काय विचारलं आणि तिला काय वाटतं, सगळं. झानिबेक मान डोलवत होता, "हं हं" म्हणत होता. तिचं बोलणं संपलं तेव्हा त्याने प्रेमाने विचारलं, "कोण मिरास?"

पोरगी उठून गेली. तिचं ते उठून जाणं झानिबेकच्या काळजात घुसलं. ही मुलगी आता वर्ष-सहा महिन्यांत या घरातून जाणार, आणि तिचं एक वाक्यसुद्धा आपण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरचा पत्ता काढून गेला.

डॉक्टरीणबाईंनी दीड तास प्रश्न विचारले आणि सांगितलं, "तुम्हाला एडीएचडी आहे. अगदी लहानपणापासून असणार."

"लहानपणी त्याला गाढवपणा म्हणायचे," झानिबेक म्हणाला.

बाई हसल्या. गोळी लिहून दिली. औषध सावकाश काम करतं, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, घ्यायचं की नाही ते घरी नीट बोलून ठरवा आणि ठरलं की मला फोन करा, मगच सुरू करा, असंही सगळं बजावलं. त्यातलं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य चालू असताना झानिबेक त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेटीतला एक मासा बघत होता. तो मासा सारखा एकाच दगडाला धडकत होता आणि झानिबेकला त्याच्याविषयी आपुलकी वाटायला लागली होती.

घरी रौशनने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि फ्रिजवर ठेवून दिली. "मला तुम्ही असेच ठीक आहात," एवढंच म्हणाली. पुढे मिरासच्या घरून निरोप आला, की पहिल्या बर्फानंतरच्या रविवारी मुलीच्या कानात डूल घालायला येतो. आमच्याकडे मुलाच्या आईने मुलीच्या कानात डूल घातले की सोयरीक पक्की. रौशनने त्या दिवसापासून घरात कायदा केला: डूल कानात जाईपर्यंत त्या गोळीचं नावसुद्धा काढायचं नाही. मुलीचा बाप डोक्याचं औषध घेतो हे कळलं, तर लोक सात पिढ्या खणून काढतील.

आणि तो रविवार म्हणजे आजचाच. झानिबेकने आरशात बघून विचार केला: आज मी घोटाळा केला तर तो पोरीच्या नशिबावर. आज लक्ष हवं. एक दिवस तरी हवं. तो तसाच स्वयंपाकघरात गेला, फ्रिजवर हात फिरवला, एक कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. रौशन तेव्हा अंघोळीला गेली होती.

आठ वाजता त्याला फरक जाणवायला लागला. (डॉक्टरीणबाईंचे काही आठवडे माशाबरोबर वाहून गेले होते.) त्याने दाढी एका बैठकीत पूर्ण केली. दहा वाजता त्याने चहाचे सगळे पियाले मोजले आणि मोजता मोजता दुसरीकडे गेला नाही. साडेअकराला तर त्याने टोपी, किल्ल्या आणि चष्मा तिन्ही वस्तू लागोपाठ शोधून काढल्या. विज्ञानाने कमाल केली आहे, असं त्याला मनापासून वाटलं. रौशनने दोनदा त्याच्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, बरं आहे ना तुम्हाला?

बरोब्बर दोन वाजता पाहुणे आले. मुलाचे वडील ओराझबाय, रेल्वेतून निवृत्त झालेला उंच, गंभीर गृहस्थ, आणि त्याची बायको शोल्पान, गोल चेहऱ्याची, सगळीकडे बारीक नजर असलेली. मिरास कामावर होता; असल्या बैठकीत मुलाचं कामही नसतं. पाहुण्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर तळलेल्या पिठाचे गोळे, म्हणजे बाउरसाक, सुका मेवा, लोणी, सगळं मांडलेलं. रौशन तोटीवाल्या सामोवारजवळ बसून चहा ओतत होती, घोट घोट, आणि पियाला रिकामा झाला की पुन्हा घोटभर. गप्पा रंगल्या. ओराझबायने दोनदा हसल्यासारखं केलं. शोल्पानने पिशवीतून डुलांची छोटी डबी काढून मांडीशी ठेवली. झानिबेकने आतापर्यंत एकही वाक्य अर्धवट ऐकलं नव्हतं.

मग मांस आणि शेवयांचं मोठं ताट आणायला रौशन आणि अक्बोता आत गेल्या. जाताना रौशन नवऱ्याच्या कानात म्हणाली, "दोन मिनिटं पियाले बघा. दुसरं काही करू नका."

एकच काम. झानिबेकला भरून आलं. त्याने ओराझबायचा पियाला घेतला, सामोवारची तोटी उघडली आणि सगळं चित्त त्या धारेवर आणलं. आजवर त्याने कितीतरी पियाले अर्धवट ओतून सोडले होते, दस्तरखानावर ओतले होते, एकदा तर मामाच्या मांडीवर ओतला होता. आज नाही. चहा वर चढत होता आणि झानिबेक डोळ्याची पापणी न हलवता बघत होता. चहा काठाला आला, किंचित फुगून उभा राहिला, तेव्हा त्याने तोटी बंद केली. एक थेंब सांडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न भरकटता, काठोकाठ पूर्ण झालं होतं. दोन्ही हातांनी त्याने तो पियाला व्याह्यांपुढे धरला.

शोल्पानचा हात डुलांच्या डबीवरच थांबला.

आता हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. पाहुण्याचा मान जेवढा मोठा तेवढा चहा थोडा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, माणूस बसून राहतो. आणि काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला, की त्याचा अर्थ एकच: हा प्या आणि चालू लागा.

ओराझबायने पियाल्याकडे बघितलं, झानिबेककडे बघितलं. घेतला, दोन घोट प्याला, खाली ठेवला. तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा म्हटली आणि उठला. शोल्पानने डुलांची डबी परत पिशवीत टाकली. झानिबेकच्या चेहऱ्यावर अजून अभिमान होता. त्याला वाटलं, हात धुवायला निघाले.

दोघं दाराशी जाऊन बूट घालायला लागले, तेव्हा रौशन आणि अक्बोता ताट घेऊन बाहेर आल्या. रौशनची नजर पियाल्यावर गेली. ती मटकन खालीच बसली. अक्बोता ताट तसंच धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. हे मात्र झानिबेकने पुरतं बघितलं आणि त्याला सगळं एका क्षणात कळलं.

तो धावत दाराशी गेला आणि दरवाजाला पाठ लावून उभा राहिला. कायदा वगैरे सगळा गेला खड्ड्यात.

"व्याही, थांबा. मी तुम्हाला घालवलं नाही," तो म्हणाला. "मला आजार आहे. लक्ष न राहण्याचा. मुलगी बोलत असते आणि मला ऐकू येत नाही, समोर असून. आज तुमच्यासमोर काही चुकू नये म्हणून सकाळी चोरून गोळी घेतली, आणि लक्ष लागलं ते त्या चहावर. तुमचा राग माझ्यावर काढा. पोरीला यातलं काही नाही, ती आईवर गेली आहे."

ओराझबाय बूट घालता घालता तसाच उभा राहिला. मग शोल्पानने शांतपणे विचारलं, "त्या गोळीचं नाव काय?"

झानिबेकने अंग चोरलं. आता निघाल्या सात पिढ्या, असं त्याला वाटलं.

"तसं नाही हो," शोल्पान म्हणाली. "जरा आमच्या ह्यांच्या पायांकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. ओराझबायच्या डाव्या पायात त्याचा बूट होता आणि उजवा पाय झानिबेकच्या, दोन माप लहान, बुटात त्याने नेटाने खुपसलेला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला तो गंभीर गृहस्थ कानापर्यंत लाल झाला.

"तीस वर्षं मी हेच सांभाळते आहे," शोल्पान म्हणाली. "गाडी वेळेवर सोडायचे आणि जेवणाचा डबा प्लॅटफॉर्मवर ठेवून यायचे. आणि लोकांना वाटतं, किती विचारी माणूस. बघू ती गोळी."

झानिबेकने घाईघाईने फ्रिजवरची डबी आणून तिच्या हातात दिली. रौशनने ती लांबूनच ओळखली आणि तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. खरी डबी तिने कधीच शिवणयंत्राच्या खणात लपवून ठेवली होती, आणि फ्रिजवर होत्या त्या तिच्या केसगळतीच्या कॅप्सूल.

शोल्पानने नाव वाचलं, मग झानिबेकच्या टकलाकडे बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "डोक्यात नाही तर नाही, डोक्यावर तरी काही येईल."

ओराझबाय हसला. आधी खोकल्यासारखा आणि मग एवढा, की त्याला बूट काढण्यासाठी दोघांनी धरावं लागलं. मंडळी परत बसली, रौशनने घोटभर चहा ओतला, गार झालेलं ताट पुन्हा गरम केलं, आणि चार वाजायच्या आत अक्बोताच्या कानांत डूल हलत होते. निघताना ओराझबायने झानिबेकला मिठी मारली आणि झानिबेकचाच मफलर गळ्यात घालून गेला. तो परत मागायचं कुणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी अक्बोता पियाले पुसत होती. झानिबेक तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, मिरासचं मला पहिल्यापासून सांग. ती सांगायला लागली. दोघांची भेट कुठे झाली इथपर्यंत त्याने ऐकलं, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की आपण सामोवारच्या तोटीकडे बघतो आहोत. त्याने मान फिरवून पुन्हा तिच्याकडे बघितलं. ती थांबली होती, पण या खेपेला उठून गेली नव्हती.

"पुन्हा सांगू?" तिने विचारलं.

"सांग," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

रौशनने शिवणयंत्राचा खण उघडला आणि खरी डबी त्याच्यासमोर आणून ठेवली. म्हणाली, "मला भीती वाटायची, की गोळी घेऊन तुम्ही दुसरेच कुणीतरी व्हाल."

"दुसरा झालो तर तुला विचारून होईन," झानिबेक म्हणाला.

"विचाराल हो. विसराल विचारायला," ती म्हणाली, पण हसत होती.

झालं, ठरलं. झानिबेकला इतकं हलकं वाटलं, की तो रात्रभर गाढ झोपला. आधी डॉक्टरीणबाईंना कळवा, असं रौशनने सांगितलं होतं, म्हणून सकाळी नऊच्या ठोक्याला त्याने फ्रिजवर चिकटवलेलं कार्ड काढलं आणि फोन लावला. पलीकडे फोन उचलल्याबरोबर त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं: गोळी आजपासून सुरू करायची आहे, लाज आता वाटत नाही, बायको तयार आहे, व्याह्यांनासुद्धा सांगितलं आहे, मुलीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं आहे, नातवंडांचंही ऐकायचं आहे, आणि तुम्ही मला किती समजून घेतलंत हे मी विसरणार नाही.

मग पलीकडून एक जाडसर पुरुषी आवाज म्हणाला, "अभिनंदन. फार चांगला निर्णय घेतलात. माणूस मनातलं बोलतो आहे म्हणून मी मध्ये तोंड घातलं नाही. पण साहेब, हे टायरचं दुकान आहे. बर्फ पडून आठवडा झाला आणि तुमचे हिवाळ्याचे चारही टायर एप्रिलपासून आमच्याकडे पडलेत. त्यांचंही काय ते ठरवून टाका."