यमुनाबाईंनी जपानहून आणलेला प्रसाद

लखनऊच्या मराठी बायकांत जपानचे देव बघून आलेली बाई एकच, तेव्हा मंडळाच्या महिला अध्यक्षपदासाठी मतदान कशाला हवं, असा यमुनाबाईंचा साधा सवाल होता. पण विरोधात विभा उभी होती. एम.ए. झालेली, नवरा शास्त्रज्ञ आणि हातची पोळी म्हणजे उत्तर प्रदेशचा नकाशा!

मुलाला, हर्षवर्धनला, कंपनीने क्योटोला धाडलं, तेव्हा यमुनाबाई सोबत गेल्या होत्या. बुद्धाची शेकडो वर्षं जुनी देवळं त्यांना पसंत पडली. स्वच्छ, शांत, आणि चप्पल काढाल तिथेच सापडणार. खोट एकच. प्रसाद नाही. एवढ्या मोठ्या देवाच्या दारातून रिकाम्या हाताने परतायचं म्हणजे काय? मग एका अंगणात तारांवर बांधलेल्या कागदाच्या शेकडो चिठ्ठ्या दिसल्या. नीट घडी, वर गाठ. अंगाऱ्याच्या पुड्या ओळखायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही. हर्षवर्धन फोटो काढत होता तोवर बाईंनी तीसेक चिठ्ठ्या सोडवून पर्समध्ये टाकल्या.

इंदिरा नगरात चैत्राच्या हळदीकुंकवाला त्यांनी कैरीच्या डाळीबरोबर एकेक चिठ्ठी वाटली. बायका धन्य झाल्या. कुणी देव्हाऱ्यात ठेवली, कुणी नवऱ्याच्या स्कूटरला बांधली. विभानेसुद्धा कपाळाला लावून घेतली. अध्यक्षपद आता फक्त जाहीर व्हायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नात जुईने उरलेल्या चिठ्ठीवर फोन धरला. फोन परकी भाषा वाचून सांगतो म्हणे.

"आजी, ये प्रसाद नहीं है," ती म्हणाली. "जिसका भविष्य बुरा निकलता है, वो चिट्ठी वहीं बाँधकर चला जाता है. आप दूसरों की मुसीबत खोलकर ले आईं."

"मग तिथे पाटी लावायला काय झालं होतं त्यांना?"

"लगी होगी. जापानी में."

निवडणूक चार दिवसांवर होती. बाईंनी घरोघरी फोन लावले. चिठ्ठ्या परत द्या, मी त्यांची पूजा करणार आहे, असं सांगितलं. दिलेला प्रसाद परत मागणारी बाई कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे विभाला शंका आली आणि तिनेही आपल्या चिठ्ठीवर फोन धरला. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांचं भविष्य आलं. महाअशुभ. हरवलेलं सापडणार नाही. सोयरीक मोडेल. नवं काम हाती घेऊ नका.

रविवारी यमुनाबाई मंडळाच्या हॉलवर कंबर कसूनच गेल्या. कोण काय बोलेल आणि त्याला कसं सोलायचं, सगळं तयार होतं. पण विभा उठली आणि तिने अर्ज मागे घेतला.

"काकू, तुम्हीच व्हा अध्यक्ष. माझ्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय, नवं काम नको."

टाळ्या पडल्या. यमुनाबाई बिनविरोध निवडून आल्या. पदर सावरून त्यांनी पहिला विषय काढला, महाराष्ट्र दिनाचं दोनशे पानांचं जेवण. मसालेभात कोण बघणार? मधुमतीने पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. कोशिंबीर? संपदाने दाखवली. मग एकेक करत सगळ्या हॉलने दाखवली, आणि आपापल्या भविष्याला जपत बायका घरी गेल्या.

अध्यक्षीणबाई घरी आल्या. काही झालं तरी सून हक्काची असते. त्यांनी पूर्वाला हाक मारली आणि दोनशे माणसांचा हिशेब धरून तांदूळ काढायला सांगितले.

पूर्वाने शांतपणे गॅस बंद केला.

"आई," ती म्हणाली, "पहिली चिठ्ठी तुम्ही मलाच दिली होती."